व्हीटनमधील एल साल्वादोरचे उपाहारगृह: शाकाहारी आईसाठी काय मागवावे?

कोयनाकाठ:
मेरीलँडमधील व्हीटन येथे राहायला येऊन मला चार वर्षे झाली. परंतु घरापासून दहा मिनिटांवर, कपडे धुण्याचे दुकान आणि टायरवाला यांच्या मध्ये दडलेल्या सहा टेबलांच्या एका उपाहारगृहाकडे माझे लक्ष गेल्या महिन्यात प्रथमच गेले, आणि तेही टायर बदलायला तासभर लागणार होता म्हणून. स्पॅनिश पाटी पाहून मेक्सिकन खानावळ असावी अशा समजुतीने मी टाको मागितला, तेव्हा गल्ल्यावरील बाईंनी हसून भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या झेंड्याकडे बोट दाखवले. तो एल साल्वादोरचा होता.

तेथे मी पहिल्यांदा पुपुसा खाल्ला. काउंटरमागे एक प्रौढ बाई मक्याच्या पिठाचा उंडा घेऊन, त्याची वाटी करून सारण भरत होत्या आणि कडा मिटवून तो गोळा दोन्ही तळव्यांत फिरवत थापत होत्या. तो थापण्याचा आवाज ऐकून मला कराडच्या स्वयंपाकघरातील हातावरची भाकरी आठवली. सारणातील चीज तव्यावर ओघळून जिथे खरपूस होते, तो भाग मला सर्वांत आवडला. सोबत कुर्तीदो, म्हणजे कोबी, गाजर आणि कांद्याचे ओरेगॅनो घातलेले आंबट लोणचे, आणि टोमॅटोचे पातळ सार होते. मी काटा-चमचा उचलल्यावर त्या बाईंनी हातानेच खाण्याची खूण केली, हे मला फार बरे वाटले.

माझे प्रश्न दोन आहेत. जूनमध्ये आई येत आहे. ती मांस-मासे तर नाहीच, अंडेही खात नाही. तिच्यासाठी तेथे निर्धास्तपणे काय मागवता येईल? आणि भारतीय दुकानातील मक्याचे पीठ आणून मी घरी प्रयोग केला, तेव्हा प्रत्येक उंडा कडेला फाटला. त्यांचा का फाटत नाही?

डाळतांदूळ:
सर्वप्रथम पुपुशाच्या ‘रेवुएल्ता’ या प्रकारापासून सावध राहावे. त्याचा अर्थ ‘मिसळलेला’ असा असल्यामुळे मी तो मिश्र भाज्यांचा समजून मागवला होता. प्रत्यक्षात त्यात राजमा आणि चीज यांच्यासोबत वाटलेले डुकराचे मांस असते. त्या मांसाला ते चिचारोन म्हणतात, आणि वाटून लगदा केलेले असल्यामुळे ते दिसून ओळखता येत नाही. मी अर्धा खाल्ल्यावर विचारले. पुढचे सांगत नाही.

आईंसाठी ‘लोरोको कोन केसो’, म्हणजे लोरोको आणि चीज घातलेला पुपुसा, मागवावा. लोरोको ही मध्य अमेरिकेतील एका वेलीची फुलकळी असून तिला किंचित रानटी, हिरवा वास असतो. ज्यांना शेवग्याच्या फुलांची भाजी आवडते त्यांना ती आवडेल, असा माझा अंदाज आहे. भोपळ्याचा, म्हणजे आयोतेचा, प्रकारही चांगला लागतो. राजम्याचा मागवायचा असेल, तर तो पुष्कळदा चरबीत परतलेला असतो, म्हणून ‘मान्तेका दे सेर्दो’, म्हणजे डुकराची चरबी, घालता का असे स्पष्ट विचारावे. नुसते ‘मान्तेका’ म्हटल्यास वनस्पती तुपालाही तोच शब्द चालतो आणि उत्तराचा उपयोग होत नाही. तवा मात्र सर्वांना एकच असतो. आईंना ते चालणार नसेल, तर तळलेली केळी तरी कोणत्या तेलात तळतात हे विचारूनच घ्यावीत.

जोंधळा:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुन्यात आहे. पुपुशाचे पीठ नुसता मका दळून करत नाहीत. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, धुऊन मग वाटतात. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, त्यातील चिकट द्रव्ये मोकळी होतात आणि पीठ एकमेकांना धरून राहते. आपण भाकरीसाठी उकळत्या पाण्याने पीठ मळून जे थोडेफार साधतो, ते तेथे दाण्यातच आधी झालेले असते. असे वाळवलेले पीठ ‘मासा हारिना’ या नावाने लॅटिन किराणा दुकानांत मिळते; त्यात कोमट पाणी घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि हाताला तेल-पाणी लावून थापावे. तांदळाच्या पिठाचे पुपुसेही असतात. ओलोकुइल्ता हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. एल साल्वादोरने २००५ मध्ये पुपुशाला राष्ट्रीय पदार्थ ठरवले, आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार त्याच्या नावाने साजरा होतो.

पोटोमॅकपार:
थोडे विषयाला धरूनच सांगतो. आपल्या भागात ही उपाहारगृहे इतकी आहेत, याला १९८० ते १९९२ या काळातील तेथील यादवी युद्ध कारणीभूत आहे. त्यात सुमारे ७५,००० माणसे मेली आणि लाखो लोक देश सोडून निघाले. पुढे २००१ मधील दोन मोठ्या भूकंपांनंतर आणखी आले. जो आधी आला त्याने गाववाल्यांना बोलावले, जसे आपल्याकडे सातारा-कोकणातून लोक गिरणगावात आले. जवळच्या व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियाच्या एका वस्तीला तर लोक ‘चिरिलाग्वा’ असेच म्हणतात, कारण तेथील अनेक कुटुंबे एल साल्वादोरमधील त्या नावाच्या गावाहून आलेली आहेत.

कोयनाकाठ:
सर्वांचे आभार. आई आली, आणि परवा आम्ही जाऊन आलो. चरबीबद्दल विचारले असता बाईंनी तेलाची बाटलीच आणून दाखवली. तव्याचे आईने मनावर घेतले नाही. तिने लोरोकोचे दोन खाल्ले, कुर्तीदो पुन्हा मागून घेतला, आणि नंतर काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. बाईंनी तिच्या हातावर एक उंडा ठेवला. तो आईकडून फाटला, कारण तिने हाताला तेल लावले नव्हते, दुसरा जमला. परतताना गाडीत म्हणाली, “मीठ जरा कमीच आहे, पण हात चांगला बसलाय तिचा.”