480 व्होल्टचं मशीन 50 हर्ट्झवर फिरलं, म्हणजे टेस्ट झाली?

पॅनेलवाला, शिरोली एमआयडीसी: कालची पोस्ट वाचली : "अमेरिकेला जाणारा पंप 415 चे 480 करून चालवा, फिरला की पेटीत भरा." अहो, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही! तिकडचा सप्लाय 480 व्होल्ट 60 हर्ट्झ. 480 भागिले 60 म्हणजे दर हर्ट्झला 8 व्होल्ट. तेच 480 इथल्या 50 हर्ट्झवर दिले की 9.6. कोअर सॅच्युरेट होतो (लोखंडी गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही), नो-लोड करंट भडकतो, वाइंडिंग तापतं. 50 हर्ट्झला 400च द्यायचे. आपले 415 चालतात. पण वेग 1800 ऐवजी 1500च्या हिशेबानं आणि पंपाची शक्ती वेगाच्या घनात, म्हणजे इथे 58 टक्केच लागते. ओव्हरलोड ट्रिप होणार ते तिकडे गेल्यावर.

उद्यमनगर: पोस्ट माझीच आहे. ड्राइव्हवर (मोटरची फ्रिक्वेन्सी बदलणारं उपकरण) 60 हर्ट्झ लावा की, त्यात काय एवढं?

पॅनेलवाला, शिरोली एमआयडीसी: नुसत्या मोटरला लावा. 415 आत गेले तर 480 बाहेर येत नाहीत. आधी स्टेप-अप आणि ड्राइव्हही 480 ला चालणारा हवा. अख्खं पॅनेल ड्राइव्हच्या आउटपुटवर जोडलं तर साइन फिल्टरशिवाय (आउटपुटची लहर गुळगुळीत करणारा) एसएमपीएस (पॅनेलमधला डीसी सप्लाय) आणि कॅपॅसिटर जातात. पूर्ण मशीनला 60 हर्ट्झचा कन्व्हर्टर भाड्यानं आणा.

उद्यमनगर: छोट्या ऑर्डरला ते भाडं कोण देणार? आणि 120 च्या सिंगल फेजला व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरिअ‍ॅक पुरतो.

वाइंडर, कागल: व्हेरिअ‍ॅकचं नाव काढू नका! एकच वाइंडिंग असतं, आउटपुट सप्लायपासून वेगळं होत नाही. सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे आले तर 120 ची 'न्यूट्रल' वायर अर्थच्या मानाने 230 वर. टेस्टर लावाल तर दोन्ही वायरींवर दिवा लागेल. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या.

गोकुळ शिरगाव: घ्या, पण सेकंडरीचं एक टोक अर्थ करा. तरंगतं ठेवलं तर बॉडीला वायर लागूनही ईएलसीबी (गळती ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) पडत नाही. आणि 120 नाही, 50 हर्ट्झला 100च.

वाइंडर, कागल: बरं, अर्थिंगचं राहिलं होतं. मान्य.

गोकुळ शिरगाव: सप्लाय देण्याआधी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर), फेज ते बॉडी, किमान 1 मेगओहम. ड्राइव्ह आणि सर्ज अरेस्टर आधी सोडवा, नाहीतर मेगरच त्यांना मारेल.

उद्यमनगर: ड्राइव्हचं आणि व्हेरिअ‍ॅकचं मागे घेतो. पण 415 वर पॅनेलमधला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर 120 देत नाही, म्हणून टॅप (इनपुटची जोडणी) बदलावाच लागतो.

पॅनेलवाला, शिरोली एमआयडीसी: नका बदलू. 480 च्या टॅपवर 104 मिळतात. कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणारा स्विच) कॉइलवर छापलेलं वाचा : 110 व्होल्ट 50 हर्ट्झ, 120 व्होल्ट 60 हर्ट्झ. 104 वर कॉन्टॅक्टर ओढतो. टॅप 415 वर ठेवून पेटी गेली तर तिकडे 139 व्होल्ट येतील आणि कॉइल जळेल.