‘बुद्धी’: क्षमता की निश्चय?

‘बुद्धी’ या शब्दाचा अर्थ बहुतेक जण आकलनशक्ती किंवा हुशारी असा सांगतात, आणि ‘बुद्ध्यांक’ हा शब्द रुळल्यापासून तर ती मोजता येणारी क्षमता आहे, असेच धरून चालतात. रोजच्या मराठीचे मात्र एवढ्या अर्थाने भागत नाही. ‘सगळे सुरळीत चालले असताना याला जामीन राहण्याची बुद्धी कुठून झाली?’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या हुशारीविषयी बोलत नसतो, तर त्याने मनाशी जे ठरवले त्याविषयी बोलत असतो. ‘बुद्ध्याच केले’, ‘बुद्धिपुरस्सर टाळले’ यांत तर बुद्धी म्हणजे उघडउघड हेतू. देवाकडे सद्बुद्धी मागतात, तीही गणिते सुटावीत म्हणून नव्हे.

हा अर्थ जुनाच आहे. सांख्य या दर्शनाच्या, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या एका शाखेच्या, सांख्यकारिका या ग्रंथात ‘अध्यवसायो बुद्धिः’ (निश्चय म्हणजे बुद्धी) अशी व्याख्या आहे. मनाने संकल्प करायचा आणि बुद्धीने निश्चय, अशी ती वाटणी. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी; गीतेतील ‘व्यवसायात्मिका बुद्धि’देखील निश्चय करणारीच. नैयायिकांचे, म्हणजे न्याय दर्शन मानणाऱ्यांचे, म्हणणे निराळे. न्यायसूत्रांत बुद्धी, उपलब्धी आणि ज्ञान हे शब्द एकाच अर्थाचे मानले आहेत, म्हणजे तेथे बुद्धी हे जाणण्याचे साधन नसून प्रत्यक्ष जाणणेच होय. म्हणून जुन्या ग्रंथातील ‘बुद्धी’चा अर्थ लावताना तो ग्रंथ कोणत्या दर्शनाचा आहे, हे आधी पाहावे.

अमरकोश या संस्कृत समानार्थी शब्दांच्या कोशाने बुद्धी, मनीषा, धी, प्रज्ञा, मती यांना एकाच ओळीत बसवले आहे. ‘मेधा’ तेवढी ‘धीर्धारणावती मेधा’ अशी, म्हणजे धारणाशक्ती असलेली बुद्धी म्हणून, वेगळी काढली आहे. मराठीत हे शब्द एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. मती गुंग होते, प्रज्ञा होत नाही. ‘प्रज्ञावंत’ हे विशेषण तर आपण सत्कार समारंभांपुरतेच उरवले आहे.

अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘अक्कल’चा रोख व्यवहारज्ञानावर असतो, आणि ती बोलण्यात येते तीही बहुधा टोचण्यासाठी: ‘अकलेचे तारे तोडले’, ‘मला अक्कल शिकवू नकोस’. फसवणुकीत बुडालेली रक्कमही अक्कलखातीच मांडली जाते.