सल्ला हवा: हायड्रेशन बॅगच्या नळीला पक्कं बंद होणारा व्हॉल्व्ह कोणता घ्यावा? (सातारा)

गोडोलीची पायवाट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दोन लिटरच्या ब्लॅडरची (आतली पाण्याची पिशवी, तिच्या नळीतून चालता चालता प्यायचं) पाठीवरची बॅग आहे, तीन वर्षं झाली. रविवारी यवतेश्वरचा घाट, मधल्या वारी अजिंक्यतारा आणि हिवाळ्यात एखाददुसरा ट्रेक असा वापर. पाठीवर असताना बॅगेनं कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो डिकीत.

जानेवारीत आम्ही चौघं वासोटा किल्ल्याला निघालो. कासमार्गे बामणोलीला गेलो, तिथून पुढे बोटीनं जायचं. माझी बॅग डिकीत आडवी आणि तिच्यावर बाकीच्यांच्या बॅगा. बामणोलीत डिकी उघडली तर खालचं कार्पेट ओलंचिंब, माझा स्वेटर पिळून घ्यावा लागला आणि ब्लॅडरमध्ये राहिलं होतं जेमतेम अर्धा लिटर. बोट सुटायची वेळ झालेली. बरोबरच्यांनी आपापल्या बाटलीतलं थोडं थोडं पाणी दिलं म्हणून निभावलं, पण दुसऱ्यांच्या वाट्याचं पाणी पिताना फार लागतं मनाला.

घरी आल्यावर व्हॉल्व्ह नीट पाहिला. माझा नुसता चावून प्यायचा आहे, म्हणजे सिलिकॉनचं टोक आणि त्याला मधे एक चीर. चावलं की चीर उघडते, सोडलं की मिटते. खिडकीपाशी उजेडात धरून दोन बोटांनी दाबला तेव्हा दिसलं, चिरेचं एक टोक पुढे फाटत गेलंय, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. तिथून थेंब जमतो. आणि वर वजन आलं की थेंबाची धार होते.

आता विचारायचं असं:

खटक्यानं बंद होणारा बरा की पिळून बंद होणारा? दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्ह माझ्या नळीला बसेल का? आणि बॅग तीच ठेवून नुसता व्हॉल्व्ह बदलणं शहाणपणाचं आहे का? बॅगेचे पट्टे माझ्या खांद्याला इतके बसलेत की ती टाकवत नाही.

पहाटेचा घाट

ताई, बॅग अजिबात टाकू नका. ब्लॅडर शाबूत असेल तर बदलायचं काय, तर बोटाएवढं एक टोक.

आधी एक गोष्ट. चिरेचा व्हॉल्व्ह नवाकोरा असला तरी तो तोंड मिटून बसतो, कुलूप लावत नाही. सिलिकॉनच्या ताणावर चीर मिटलेली असते. बॅग आडवी टाकली, वर ओझं आलं की ब्लॅडरवर दाब येतो, शिवाय एखादा पट्टा टोकावर बसला की चावल्यासारखंच होतं. मग ब्लॅडर रिकामं होईपर्यंत पाणी थांबत नाही. म्हणून नुसतं सिलिकॉनचं टोक बदलून तुमचं काम भागणार नाही. चिरेच्या मागे नळी बंद करणारं काहीतरी हवं.

बाजारात मुख्य दोन तऱ्हा आहेत.

पहिली खटक्याची. काटकोनात वळलेला छोटा तुकडा असतो, त्यावर अंगठ्यानं फिरवायचा खटका. कॅमलबॅक कंपनीचा हायड्रोलॉक हा असा. तो नळी आणि चावायच्या टोकाच्या मधे बसतो, त्यामुळे टोक फाटलं तर टोकच बदलता येतं. काटकोनाचा आणखी एक फायदा, व्हॉल्व्ह आपोआप तोंडाकडे वळलेला राहतो. पळताना मान वाकडी करून शोधावा लागत नाही.

दुसरी पिळायची. सगळं टोकच पाव फेरा फिरवायचं. ऑस्प्रे कंपनीच्या ब्लॅडरला असा येतो. ती ब्लॅडरं हायड्रापॅक ही दुसरी कंपनी बनवते आणि हायड्रापॅकचा स्वतःचाही पिळूनच बंद होतो. आकार सुटसुटीत, बाहेर काही लोंबत नाही.

मी दोन्ही वापरलेत. तुमच्यासारखं पळणं असेल तर खटका घ्या. घामेजल्या हातानं पिळायचा व्हॉल्व्ह सरकतो आणि मग लोक तो दातांत धरून फिरवतात. त्यानंच टोक सैल होतं.

मापाचं सांगतो. बहुतेक चांगल्या ब्लॅडरच्या नळीचा आतला व्यास पाव इंच असतो, म्हणजे सुमारे ६.३५ मिमी. बाहेरून साधारण साडेनऊ मिमी. तुमची तशी असेल तर एका कंपनीचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या नळीला बसायला अडचण नसते. पण अंदाजानं मागवू नका. नळीचं टोक सरळ कापा आणि आतलं माप घ्या. व्हर्नियर नसेल तर ६ मिमीचं ड्रिल बिट आत घालून बघा, किंचित सैल गेलं पाहिजे.

दोन सूत

माझा आरओ बसवायचा धंदा आहे, म्हणून मापाबद्दल थोडं बोलतो. आमच्याकडं दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ट्रेकवाला येतो आणि म्हणतो, पाव इंची वॉल (व्हॉल्व्ह) द्या, बॅगेच्या पाइपला बसवतो. बसत नाही हो. आरओचा पांढरा पाइप दोन सुती म्हणतो आम्ही (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पण ते बाहेरचं माप. बॅगेची नळी आतून दोन सूत, बाहेरून तीन सूत. इथंच सगळे फसतात.

मग म्हणाल तीन सुती पुश-फिट वॉल घेऊ, म्हणजे पाइप नुसता आत दाबून बसवायचा. तोही करून बघितलाय मी स्वतःच्या बॅगेवर. आरओचा पाइप कडक असतो, त्याला वॉलच्या आतले दात नीट धरतात. बॅगेची नळी मऊ, दात रुततात पण पकड येत नाही. नुसतं पाणी भरून टांगलं तर टिकतं, नळी ओढली की झिरपायला लागतं.

आणि एक हात जोडून सांगणं आहे. माशांच्या टाकीच्या हवेच्या नळीचा प्लॅस्टिकचा कॉक कुणी लावू नका. तो पिण्याच्या पाण्यासाठी केलेलाच नसतो. उन्हात तापलेलं पाणी त्यातून तोंडात जाणार, नको ते. पैसे चार जास्त जाऊ देत, बॅगेसाठीच बनवलेला घ्या.

करवंदीची जाळी

पहाटेचा घाट यांच्याशी पळण्याच्या बाबतीत सहमत, पण ट्रेकसाठी माझं मत उलटं आहे. खटका बाहेर येतो आणि झाडीत अडकतो. अजिंक्यताऱ्याच्या मागच्या उतारावर करवंदीतून वाट काढताना माझा खटका दोनदा अर्धवट फिरला. उघडा राहिला तर निदान थेंब गळताना कळतं, पण अर्धा मिटला तर चढावर दम लागलेला असताना चोखून चोखून गाल दुखतात आणि पाणी चमचाभर येतं. मला वाटलं नळीत काही अडकलं. बसून ब्लॅडर बाहेर काढलं, नळी फुंकली, सगळं तपासलं, आणि शेवटी खटक्याकडे लक्ष गेलं. तेव्हापासून पिळायचाच वापरते.

पाणी कमी आलं की आधी खटका बघा, एवढं खटकेवाल्यांना सांगणं.

पहाटेचा घाट

बरोबर आहे तुमचं. झाडीतून जायचं असेल तर नळी पट्ट्याच्या आतल्या बाजूनं घ्या आणि खटका छातीकडे वळवा. पण रान दाट असेल तर पिळायचा जास्त निर्धास्त, हे मान्य.

पेठेतली परिचारिका

व्हॉल्व्ह कोणता याबद्दल वर छान माहिती आली आहे. मी स्वच्छतेचं लिहिते, कारण बंद होणाऱ्या व्हॉल्व्हला सांधे जास्त आणि प्रत्येक सांध्यात ओल राहते. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार दिवस बॅग कोपऱ्यात पडली की चिरेच्या आतल्या बाजूला काळे ठिपके येतात. बाहेरून दिसत नाहीत. टोक काढून उलटं करून बघा.

ब्लॅडरमध्ये इलेक्ट्रॉल किंवा सरबत भरू नका. त्यातली साखर नळीत राहते आणि बुरशीला तेवढं पुरतं. साधं पाणी ब्लॅडरमध्ये, मीठ-साखरेचं वेगळ्या छोट्या बाटलीत.

धुताना कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून ब्लॅडर भरा, खटका उघडून ते पाणी नळीतून थोडं जाऊ द्या, मग खटका मिटून अर्धा तास ठेवा. नंतर साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळखळून काढा. सुकवताना मात्र खटका उघडा ठेवायचा, नाहीतर नळीतली हवा कोंडते आणि सगळं धुणं वाया. नळी सुटी करून सरळ टांगा. उकळतं पाणी नको, ब्लॅडर आणि खटक्याचं प्लॅस्टिक वाकडं होतं.

मेढ्याचा सायकलवाला

नवा व्हॉल्व्ह येईपर्यंतचा उपाय सांगतो. नळीला टोकापासून चार बोटांवर घडी घाला आणि कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. रबर बँड दोन वेढे घेतला तरी चालतो. डिकीत टाकायच्या आधी एवढं केलं तर थेंब येत नाही. घडी घट्ट हवी, आणि रोज एकाच जागी घालू नका, नळीला वळ पडतो.

हा उपाय मुळापासूनचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासात शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसननं सलाईनच्या पिशवीत पाणी भरलं, ती लांब मोज्यात घालून जर्सीच्या पाठीवर टाचली, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि तिला चिमटा लावला. तो स्वतः रुग्णवाहिकेवर काम करणारा. त्यातूनच पुढे कॅमलबॅक निघाली. म्हणजे या बॅगेचा पहिला बंद होणारा व्हॉल्व्ह चिमटाच होता. मला हे वाचल्यापासून त्या चिमट्याबद्दल फार आदर वाटतो.

गोडोलीची पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. माप घेतलं, आतून पाव इंचच निघालं. माझा निम्म्याहून जास्त वापर घाटात पळायचा, म्हणून खटक्याचा मागवते. बसवताना काही काळजी? आणि साताऱ्यात सुटा मिळतो का कुठं?

पहाटेचा घाट

सुटा व्हॉल्व्ह मी इथं दुकानात पाहिला नाही. पुण्याला कुणी जाणार असेल तर आणायला सांगा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मागवताना फोटोत खटका आणि चावायचं टोक दोन्ही आहेत ना बघा, काही ठिकाणी नुसतं टोक विकतात.

जुना व्हॉल्व्ह ओढून काढू नका. नळीचं ते टोक तसंही सैल झालेलं असतं. धारदार ब्लेडनं सेंटिमीटरभर कापून टाका. नळीचं नवं कापलेलं टोक कपभर गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, मऊ झालं की व्हॉल्व्हचा खाचेचा भाग फिरवत फिरवत आत दाबा. सगळ्या खाचा आत गेल्या पाहिजेत. तेल, साबण काही लावू नका.

मग परीक्षा घ्या. ब्लॅडर पूर्ण भरून उंच खुंटीला टांगा, नळी खाली सोडा, खटका मिटा आणि चावायचं टोक काढून ठेवा. टोक असताना चीरच पाणी अडवते, खटक्याची परीक्षा होत नाही. खाली कोरी स्टीलची ताटली ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ताटलीत थेंब दिसला तर टिश्यू पेपर गुंडाळून बघा, सांध्यातून येतोय की खटक्यातून. सांध्यातून असेल तर पुन्हा कापून बसवा. खटक्यातून असेल तर परत पाठवा, तो सुधारत नाही.

सवय एकच लावा. पिऊन झालं की नळीत हलकी फुंकर मारा, पाणी मागे ब्लॅडरमध्ये जातं. उन्हाळ्यात पहिला घोट गरम येत नाही आणि टोकाशी गळायला पाणीच उरत नाही. खटका पळताना उघडाच ठेवायचा, बॅग खांद्यावरून उतरली की मिटायचा.

गोडोलीची पायवाट

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. व्हॉल्व्ह आला, सांगितल्याप्रमाणे कापून बसवला. पहिल्या रात्री ताटलीत दोन थेंब होते. टिश्यू लावून पाहिलं तर सांध्यातून, शेवटची खाच बाहेर राहिली होती. पुन्हा अर्धा सेंटिमीटर कापून, पाणी थोडं जास्त गरम घेऊन बसवला. दुसऱ्या सकाळी ताटली कोरडी. आईनं ओट्यावरची ती ताटली उचलून परत खाली ठेवली, म्हणाली तुझी परीक्षा संपू दे आधी.

नंतर सज्जनगडाला गेलो तेव्हा मुद्दाम बॅग डिकीत सगळ्यांच्या खाली टाकली. पायथ्याशी काढली तर एक थेंब नाही. त्या दिवशी इतरांना पाणी मीच दिलं.

खटका थोडा कडक आहे, हातमोजे असताना दोनदा प्रयत्न करावा लागतो. येत्या रविवारी पहाटे पावणेसहाला समर्थ मंदिरापाशी असेन, तिथून यवतेश्वर. ज्यांना हाताळून बघायचाय त्यांनी या.

करवंदीची जाळी

येते. माझा पिळायचा घेऊन येते, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

दोन सूत

मी बी येतो. व्हर्नियर आणतो, ज्यांना नळीची मापं घ्यायची त्यांनी बॅगा घेऊन या.