मॅक दुरुस्तीचे प्रमाणपत्र : कुडाळात राहून परीक्षा देता येते का?

कुडाळ_कार्यशाळा

नमस्कार. कुडाळच्या बाजारपेठेत माझ्या मामांचे संगणक दुरुस्तीचे दुकान असून गेली सहा वर्षे मी तेथे काम करतो. आमचे मुख्य काम डेस्कटॉप, प्रिंटर आणि विंडोजवर चालणारे लॅपटॉप यांचे. परंतु मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांसाठी निवास-न्याहारीची घरे चालवणारे मालक आणि घरून काम करण्याची मुभा मिळाल्यामुळे मुंबईहून गावच्या घरी येऊन राहिलेले नोकरदार यांच्यामुळे अलीकडे महिन्याला ॲपल कंपनीचे चार-पाच मॅकबुक लॅपटॉपही येऊ लागले आहेत. गेल्या महिन्यात आलेल्या एका मॅकबुकचा ट्रॅकपॅड दाबला जात नव्हता. यंत्र टेबलावर ठेवले तर ते डुगडुगत होते, तेव्हा बॅटरी फुगली असल्याचे लगेच लक्षात आले. मी स्क्रू काढायला घेणार, तोच गिऱ्हाइकाने अगदी शांतपणे विचारले, "तुम्ही कंपनीचे प्रमाणित तंत्रज्ञ आहात का?" मी नाही म्हणालो आणि यंत्र तसेच परत दिले.

तेव्हापासून ही परीक्षा देण्याचे मनात आहे. माझे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्समधील पदविकेपर्यंत झाले आहे. नाव कोठे नोंदवायचे, कंपनीच्या सेवा केंद्रात नोकरी असणे आवश्यक आहे का, परीक्षा घरून देता येते की मुंबई-पुण्याला जावे लागते, हे मला कळलेले नाही. एका शहरातील खासगी वर्गाने "कंपनीचे मूळ प्रमाणपत्र" मिळवून देतो असे सांगून माझ्या चार महिन्यांच्या कमाईएवढी रक्कम मागितली आहे. पैसे भरण्यापूर्वी जाणकारांना विचारावे म्हणून हे लिहीत आहे.

देवगड_दादर

पैसे भरू नका. मी मूळचा देवगडचा असून मुंबईतील एका अधिकृत सेवा केंद्रात अकरा वर्षे मॅक उघडण्याचेच काम करीत आहे. आपल्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या परीक्षा एकत्र झाल्या आहेत, आणि पुष्कळशा खासगी वर्गांचा धंदा नेमका याच गोंधळावर चालतो.

पहिली परीक्षा प्रत्यक्ष दुरुस्तीची. ती उत्तीर्ण होणाऱ्याला ॲपल सर्टिफाइड मॅक टेक्निशियन, म्हणजे आमच्या बोलण्यातला "एसीएमटी", म्हणतात. या परीक्षेसाठी नाव नोंदवले जाते ते कामाच्या ठिकाणामार्फत. आपण ज्या सेवा केंद्रात किंवा कंपनीच्या मान्यताप्राप्त स्वतंत्र दुरुस्ती दुकानात काम करता, त्याच्या खात्यावरून कंपनीचे तंत्रज्ञ-प्रशिक्षणाचे संकेतस्थळ आपल्यासाठी उघडते, आणि अभ्यास त्यातच होतो. बाहेरचा कोणताही वर्ग ही नोंदणी करून देऊ शकत नाही. पूर्वीची पद्धत निराळी होती. ॲपलकेअर टेक्निशियन ट्रेनिंग नावाचे वर्षभराचे स्वयंअध्ययन २९९ डॉलर भरून कोणालाही घेता येत असे, आणि त्यानंतर परीक्षा केंद्रावर जाऊन दोन पेपर द्यावे लागत : एक हार्डवेअरचा आणि दुसरा ओएस एक्स या मॅकच्या तेव्हाच्या कार्यप्रणालीतील बिघाड शोधण्याचा. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत अजूनही हाच मार्ग सांगितलेला आढळतो, तेव्हा लेखाची तारीख पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

दुसरी परीक्षा मात्र सर्वांना खुली आहे. तिचे नाव ॲपल डिव्हाइस सपोर्ट. २०२२ साली कंपनीने हा अभ्यासक्रम नव्या स्वरूपात आणला. प्रशिक्षण संकेतस्थळावर विनामूल्य असून ते आपल्या सवडीने पुरे करता येते, आणि परीक्षेचे शुल्क १४९ डॉलर ठरवण्यात आले. उत्तीर्ण झाल्यावर ॲपल सर्टिफाइड सपोर्ट प्रोफेशनल ही मान्यता मिळते. मात्र या परीक्षेत स्क्रूड्रायव्हरला स्थान नाही. फाइलव्हॉल्टने, म्हणजे डिस्कवरील माहिती सांकेतिक करणाऱ्या सोयीने, कुलूपबंद केलेल्या मॅकवर पासवर्ड विसरलेल्या माणसाला काय सांगावे, ॲक्टिव्हेशन लॉक (मालकाच्या खात्याशिवाय न उघडणारे कुलूप) लागलेला आयफोन पुढे आला तर काय करावे, इंटेल चिपचा मॅक कमांड आणि आर ही बटणे दाबून रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या अवस्थेत, जातो तर ॲपल सिलिकॉनचा, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपचा, मॅक पॉवरचे बटण दाबून धरल्यावर जातो, अशा प्रकारचे ज्ञान तिथे तपासले जाते. फुगलेली बॅटरी बदलण्याचा अधिकार या प्रमाणपत्राने मिळत नाही, हे गिऱ्हाइकालाही स्पष्ट सांगावे.

तिसरी वाट आपल्या मामांसाठी आहे. स्वतंत्र दुरुस्ती दुकानांना मूळ सुटे भाग, हत्यारे, दुरुस्ती-पुस्तिका आणि तपासणीची साधने देणारी योजना कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेत सुरू केली आणि २०२१ मध्ये ती २००हून अधिक देशांसाठी जाहीर केली. तिच्यात सामील होण्यास शुल्क नाही, पण जागा व्यावसायिक असावी लागते, दुरुस्ती वॉरंटीबाहेरच्या यंत्रांचीच करता येते आणि ती प्रमाणित तंत्रज्ञानेच करावी लागते. म्हणजे दुकानाने अर्ज करायचा आणि आपण तंत्रज्ञ व्हायचे, असा हा जोडव्यवहार आहे. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला इथेच दिसते. दुकान बाजारपेठेत आहे आणि पदविका आपल्यापाशी आहे, तेव्हा अर्जाचे कागद आजच पाहायला घ्या.

आता अभ्यासाविषयी, कारण अनुभवी माणसे इथेच घसरतात. दुरुस्तीच्या परीक्षेचा पाया सुरक्षितता, स्थितिक वीज (अंगावर साचणारी वीज) आणि बिघाड शोधण्याचा क्रम हा आहे. "आता पुढची पायरी कोणती?" हा प्रश्न नाना रूपांत विचारला जातो आणि सहा वर्षे दुकानात बसलेल्या माणसाचा हात सवयीने सुट्या भागाकडे जातो. परीक्षेला मात्र आधी माहिती विचारणे, मग बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहून खात्री करणे, मग फुकटात होणारे सोपे उपाय आणि त्यानंतर तपासणी, हा क्रम हवा असतो. तपासणीतही अर्धे-अर्धे करीत जाण्याची पद्धत शिकवतात. समजा, पडद्यावर काहीच दिसत नाही. बाहेरचा पडदा जोडला आणि त्यावर चित्र आले, तर निम्मे यंत्र एका झटक्यात संशयातून सुटले. आता उरलेल्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करायचे. मी स्वतः पहिल्या प्रयत्नात नापास झालो तो अशाच प्रश्नांत, कारण दहापैकी सहा वेळा मी थेट लॉजिक बोर्ड, म्हणजे यंत्राचा मुख्य बोर्ड, बदलून मोकळा झालो होतो.

स्थितिक विजेबद्दल आपल्या कोकणी माणसाचा एक गैरसमज असतो. हवा दमट असल्यामुळे आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्यात, चटका क्वचितच बसतो, म्हणून ही वीज जमिनीत सोडणारा पट्टा मनगटाला बांधण्याचा कंटाळा येतो. परंतु माणसाला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या आसपास, आणि नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतही निकामी होऊ शकते. जे जाणवत नाही त्याच्यासाठीच पट्टा असतो. हे उत्तर पाठ करू नका, अंगवळणी पाडा.

भाट्ये_किनारा

मी रत्नागिरीतील एका शिक्षणसंस्थेचे संगणक आणि आयपॅड सांभाळते. वर देवगडच्या दादांनी सांगितलेली खुली परीक्षा मी घरून दिली आहे, तेव्हा अभ्यासापेक्षा परीक्षेच्या दिवसाबद्दल लिहिते. ही परीक्षा पिअर्सन व्ह्यू या संस्थेच्या ऑनव्ह्यू पद्धतीने होते, म्हणजे आपल्याच संगणकावर, आपल्याच खोलीत, आणि कॅमेऱ्यातून पर्यवेक्षक आपल्याकडे पाहत असताना. मराठी किंवा हिंदीत प्रश्नपत्रिका नाही. इंग्रजी वाचण्याचा वेग कमी असेल तर प्रशिक्षणातील मजकूर रोज ठरावीक वेळ लावून वाचण्याचा सराव करावा.

पहिली अडचण नावाची येते. नोंदणीतील नाव आणि सरकारी ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. आपण मराठी माणसे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे लिहितो. पासपोर्टावर मात्र पुष्कळदा पहिली दोन नावे एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असते. माझ्या पासपोर्टावर सासरचे आडनाव आहे आणि खाते मात्र माहेरच्या नावाने उघडलेले होते. ते दुरुस्त करून घेण्यात नऊ दिवस गेले. म्हणून पासपोर्ट समोर ठेवूनच खाते उघडावे आणि एकेक अक्षर ताडून पाहावे.

दुसरी अडचण खोलीची. परीक्षेच्या वेळेआधी ३० मिनिटे प्रवेशप्रक्रिया सुरू होते. तीत मोबाइलवरून स्वतःचा, ओळखपत्राचा आणि खोलीच्या चारही बाजूंचा फोटो पाठवावा लागतो. टेबलावर कागद, पेन, पुस्तक, दुसरा पडदा काहीही चालत नाही. परीक्षा संपेपर्यंत कोणीही खोलीत येता कामा नये. आमच्या घराला कडी लावण्याची पद्धत नाही. शेजारच्या काकू मागील दाराने थेट स्वयंपाकघरात येतात. मी त्या दिवशी आईला ओटीवर बसवले आणि मागील दाराला आतून अडसर घातला. एवढे करूनही चूक माझ्याकडूनच झाली. लांबलचक प्रश्न पुटपुटत वाचण्याची मला लहानपणापासून सवय आहे. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला पडद्यावर पर्यवेक्षकाचा संदेश आला की, ओठ हलवू नका. त्यानंतरची वीस मिनिटे मी प्रश्नापेक्षा स्वतःच्या ओठांकडेच अधिक लक्ष देत होते. घरी सराव करताना तोंड मिटून वाचण्याचाही सराव करावा, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

वीज आणि इंटरनेट यांबद्दल आपल्या भागात वेगळे सांगायला नको. संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. मी प्रथम फक्त संगणक घेतला होता, राउटरची आठवण आदल्या रात्री झाली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर परीक्षा देऊ नये. संस्थेने दिलेली प्रणाली-चाचणी त्याच संगणकावर, त्याच खोलीत आणि शक्यतो त्याच वेळी करून पाहावी. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत त्यांनी जून ते सप्टेंबर हा काळ टाळावा, कारण पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्याचेही बोलणे ऐकू येत नाही.

चिपळूण_बाजारपेठ

माझे मत थोडे वेगळे आहे. कुडाळला महिन्याला चार-पाच मॅक येतात, मग उरलेल्या सगळ्या यंत्रांचे काय? डेल कंपनीचे टेकडायरेक्ट हे संकेतस्थळ पाहावे. तेथे कंपनीच्या लॅपटॉप-डेस्कटॉपच्या दुरुस्तीचे अभ्यासक्रम आणि त्यांवरील परीक्षा ऑनलाइन आहेत. कोणत्याही एका कंपनीशी न बांधलेले प्रमाणपत्र हवे असेल तर कॉम्पटिया या संस्थेचे ए प्लस आहे. त्याचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० मिनिटांचे आणि जास्तीत जास्त ९० प्रश्नांचे. ९००च्या मापावर पहिल्यात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० गुण लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. दोन्ही पेपरांचे शुल्क मिळून ॲपलच्या खुल्या परीक्षेपेक्षा बरेच जास्त होते, हे मात्र खरे.

जुलै २०२१च्या महापुरानंतर आमच्या दुकानात चिखलाने भरलेले लॅपटॉप पोत्यांतून आले होते. त्या वेळी प्रमाणपत्र कोणी विचारले नाही. बोर्ड धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून जेवढे उठले तेवढे उठवले. तरीही मी नंतर परीक्षा दिली, कारण बँका आणि शाळा यांच्या देखभालीच्या निविदांत प्रमाणित तंत्रज्ञाची अट येऊ लागली आहे आणि ती अट नुसत्या अनुभवाने भागत नाही. तेव्हा आपली गिऱ्हाइके कोण आहेत ते वहीत पाहून परीक्षा निवडावी.

कुडाळ_कार्यशाळा

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. त्या वर्गाला नकार कळवला आहे. मामांना योजनेविषयी सांगितले. अर्ज, जागेचे कागद आणि दुकानाचा परवाना यांची जमवाजमव सुरू केली आहे. दरम्यान ॲपल डिव्हाइस सपोर्टचे विनामूल्य प्रशिक्षण कालपासून वाचू लागलो आहे. परीक्षेची तारीख चतुर्थी आटोपल्यावर, पाऊस ओसरला की घेईन, कारण आमच्या घरावरही पत्रेच आहेत. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पासपोर्ट काढून पाहिला, तर माझ्या नावातील एक अक्षर दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा वेगळे निघाले. खाते पासपोर्टाप्रमाणेच उघडीन.

देवगडच्या दादांना एक शंका विचारतो. फुगलेल्या बॅटरीच्या कामासाठी जवळ वाळू ठेवावी, असे कोठेतरी वाचले. आमच्याकडे वाळूला तोटा नाही, तेव्हा किनाऱ्यावरून आणलेली चालेल का?

देवगड_दादर

चालणार नाही. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत स्वच्छ, कोरडी आणि कोणतीही प्रक्रिया न केलेली वाळू सांगितली आहे. ती आठ ते दहा कप मोजून, ओतता येईल अशा उघड्या भांड्यात, काम चालू असलेल्या जागेपासून दोन फुटांच्या आत ठेवायची असते, म्हणजे बॅटरीतून धूर येऊ लागताच ती एकदम वर ओतता येते. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असते आणि मीठ हवेतला ओलावा धरते. श्रावणात ती वाळू मुठीत दाबून पाहा, लाडू वळला जाईल. माझ्या पहिल्या केंद्रात मी देवगडहून हौसेने आणलेली वाळू वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी बाहेरच्या कुंडीत ओतायला लावली होती. हार्डवेअरच्या दुकानात चाळलेली, धुऊन वाळवलेली वाळू मिळते. तिला घट्ट झाकण लावून ठेवा, बॅटरीच्या कामाला बसताना झाकण काढा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हात घालून ती मोकळी आहे ना हे पाहा.