उद्यानातलं विरंगुळा केंद्र : आमदार निधीचे 15 लाख आधी कशावर खर्च करावेत?

प्रश्न – कर्वेनगरकर
महापालिकेच्या उद्यानातलं ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र, 12 बाय 7 मीटर, तळमजला, आरसीसी. स्लॅब गळतो. दोन बीमचं कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) सुटून सळया उघड्या पडल्यात. शौचालयाला दोन पायऱ्या असल्याने व्हीलचेअर आत जात नाही. आमदार निधीतून 15 लाख मिळण्याची शक्यता आहे, पण प्राथमिक यादीत फरशी, फॉल्स सीलिंग, रंग आणि दर्शनी कमान आहे. यादी बदलून घ्यायची तर कोणत्या टप्प्यावर?

उत्तर – तांत्रिक मान्यता
अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळण्यापूर्वीच. प्रशासकीय मान्यता आणि निविदा झाल्यावर बाब बदलायची म्हणजे सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा तीच टेबलं.

आमदारांच्या शिफारसपत्रात कामाचं नाव नीट लिहून घ्या. नुसतं ‘सुशोभीकरण’ असेल तर गळती त्यात बसवताना दमछाक होते. ‘संरचनात्मक मजबुतीकरण, जलरोधक काम व सुगम्य शौचालय’ असं असावं. निव्वळ देखभाल-दुरुस्ती असेल तर फाईल अडते, म्हणून अनुज्ञेय कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयातून आधीच घ्या. जोडीला जागा महापालिकेची असल्याचा पुरावा, उद्यान विभागाची ना-हरकत आणि पुढची देखभाल महापालिका करेल असं पत्र लागेल.

15 लाख पूर्ण कामाला मिळत नाहीत. 18 टक्के जीएसटी वजा जाता 12.71 लाख उरतात, त्यातच चाचण्या, विमा वगैरे. कमान तिथेच यादीतून गळते, आणि गळायलाच हवी.

उत्तर – साईटवरून
क्रम असा ठेवा: संरचना, छत, शौचालय, वायरिंग. उरलं तर फरशी. फॉल्स सीलिंगला माझा ठाम विरोध आहे. गळती आणि गंजलेली सळई दोन्ही त्याच्या आड जातात, आणि तुकडा पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

बीमला आधी टेकू, मगच तोडफोड. पोकळ काँक्रीट काढताना सळईच्या मागेही निदान 20 मिमी मोकळं करायचं. इथेच चालढकल होते: समोरचं खरवडून प्लास्टर थापतात, मागे गंज चालूच राहतो, गंज फुगतो आणि नवं कव्हर दोन-तीन पावसाळ्यांत ढलपीसारखं सुटतं. सळई घासून गंजरोधक लेप, जुन्या काँक्रीटला बाँड कोट (नवं-जुनं चिकटवणारा लेप), मग पॉलिमर मिसळलेलं सिमेंट मॉर्टर पातळ थरांत. सळई फार झिजली असेल तर जोडसळई, म्हणजे तिच्या जोडीला नवी सळई. ती बाब अंदाजपत्रकात हवीच.

छतावरच्या जुन्या कोब्यावर (उतारासाठीचा वीटतुकडे-सिमेंटचा थर) नवा कोबा चढवू देऊ नका. सरासरी 10 सेंमी जाडीला चौरस मीटरमागे जवळपास 200 किलो पडतात, म्हणजे तुमच्या 84 चौ.मी.वर 16-17 टन, तेही कमकुवत बीमवर. जुना काढण्याची आणि राडारोडा वाहून नेण्याची बाब वेगळी लावा. उतार 1:100, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, जलरोधक थर भिंतीवर 30 सेंमी वर. पाणी उतरायला 100 मिमीचे किमान दोन पाईप, कारण उद्यानात पानांनी एक तुंबतोच. शेवटी 72 तास पाणी साठवून चाचणी. ती झाल्याशिवाय त्या बाबीचं बिल नको.

कर्वेनगरकर
रॅम्प कितीचा लागेल? आणि फांदी छतावर आली आहे, ती कंत्राटदाराने छाटली तर?

उत्तर – साईटवरून
उतार 1:12. दोन पायऱ्यांची उंची 30 सेंमी धरली तर 3.6 मीटर लांबी, रुंदी 1.2 मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर-खाली 1.5 मीटरची सपाट जागा. दार मोकळं 90 सेंमी आणि बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

फांदीला परस्पर हात लावू देऊ नका. 1975 च्या वृक्ष अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा, तोही कार्यारंभ आदेशाच्या आधी, नाहीतर तेवढ्यावरून काम थांबतं.

उत्तर – नागरिक मंच
माहिती अधिकारात, 2005 च्या अधिनियमानुसार, कागदांखेरीज कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. मंजूर अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत घ्या, मग टेप लावून रॅम्प आणि पाईप ताडून बघा. दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती, हे निविदेतच वाचा. त्यात निदान एक पूर्ण पावसाळा यायला हवा, आणि गळती दिसली की तारखेसह लेखी कळवून पोच घ्या. तोंडी तक्रारीवर कंत्राटदाराची अनामत रोखली जात नाही.