मदत हवी आहे: पहाटे चढणारी साखर, ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) वाढवावं का?

पेशंट ६४ वर्षांचे, टाइप २ डायबेटिस. रात्री १० ला ग्लार्जिन १८ युनिट, तिन्ही जेवणांआधी झटपट काम करणारं इन्सुलिन अ‍ॅस्पार्ट ६-६ युनिट. पेनं वेगळी, जागा बदलून. ग्लार्जिन आम्लधर्मी, त्यामुळे एका सिरिंजमध्ये मिसळायचा प्रश्नच नाही.

झोपताना साखर १४०, पहाटे ३ ला १३५, सकाळी उपाशीपोटी १९०. अ‍ॅस्पार्टचा असर ३ ते ५ तासांत ओसरतो, म्हणजे रात्रीच्या जेवणाचा डोस यात धरता येत नाही. ३ ला साखर खाली गेलेली नाही, तेव्हा हा पहाटेच्या हार्मोन्सचाच चढ वाटतो. ग्लार्जिन २० केलं तर ३ ला हायपो (साखर फार खाली जाणं) होईल, ही खरी धास्ती.

असं कुणाकडे डोस वाढवून सुटलं की वेळ बदलून? पहाटे ५ चंही रीडिंग घ्यावं का? डोस डॉक्टरांना विचारूनच बदलणार. त्यांना दाखवायला नोंदी नीट हव्यात.