मदत हवी आहे: हुकूमशाही नसती तर चिलीत खुला बाजार आला असता का?

अभ्यासगटात चिलीवर वीस मिनिटं बोलायचंय आणि एका मुद्द्यावर गाडं अडलंय. १९७३चं लष्करी बंड, शिकागोहून शिकून आलेले अर्थतज्ज्ञ, खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन आणि चिलीचा लष्करी हुकूमशहा पिनोशे यांची १९७५ची भेट हे सगळं वाचून झालंय, त्यामुळे तेच परत नको. मला खटकतंय ते पेन्शनचं. १९८१ला पिनोशे सरकारने कामगारांची पेन्शन खाजगी कंपन्यांच्या हातात दिली, पण सैन्य आणि पोलिसांची मात्र जुन्याच पद्धतीत ठेवली, आणि तेव्हा ना संसद होती ना निवडणुका, मग जाब विचारणार कोण? शिवाय १९८२च्या मंदीनंतर त्याच सरकारने बुडत्या बँका ताब्यात घेतल्या, तांब्याची सरकारी कंपनी कोडेल्को तर कधी विकलीच नाही.

उलट न्यूझीलंडमध्ये १९८४नंतर निवडून आलेल्या सरकारनेच बाजार खुला केला, आणि चिलीत १९९०नंतर लोकशाही सरकारांनी बरंचसं धोरण तसंच ठेवलं, इथेच माझा घोळ होतोय.

त्या राजवटीत माणसं गायब केली गेली त्याचं समर्थन कृपया कुणी करू नका. स्पॅनिश येत नाही, मराठी-इंग्रजी वाचन चालेल. नेमकं एवढंच सांगा: त्या राजवटीने कामगार संघटना दडपल्या नसत्या तर यातले कोणते बदल झालेच नसते, आणि ते कशावरून ठरवायचं?